सोन त्रावर डूक जातीचं माकड बघायचं असेल तर

आधी हंगाम बघा. सप्टेंबर ते डिसेंबर व्हिएतनामच्या दा नांगला पाऊस झोडपतो, म्हणून मार्च ते ऑगस्टमधली कोरडी सकाळ धरा. सोन त्रा द्वीपकल्प शहराला लागूनच आहे, उजाडता उजाडता डोंगरात पोचता येतं. चढ खडा आहे. गिअरची मोटरसायकल घ्या, स्कूटरवर भरवसा ठेवू नका.

लिन्ह उंग पॅगोडाजवळ पिशव्या ओढणारी माकडं ऱ्हीसस, डूक नव्हेत. त्यांचे फोटो काढत बसलात की सकाळ गेलीच! डूक झाडावरून क्वचितच उतरतो. पुढे डोंगररस्त्यावर इंजिन बंद करा आणि दरीतल्या झाडांच्या शेंड्यांवर नजर ठेवा. वारा नसताना एकच फांदी हलली, की दुर्बीण तिकडे. बहुधा लोंबणारी पांढरी शेपटीच आधी दिसते. मग मोजे चढवल्यासारख्या तांबड्या पोटऱ्या, पांढरे हात, पिवळसर चेहरा, निळसर पापण्या. एवढे रंग अंगावर घेऊनही पानांत बसला की सापडत नाही, याचं मला अजून नवल वाटतं. नर ओळखायचाय? शेपटीच्या मुळाशी पांढरा त्रिकोण असतो; त्याच्या वर दोन्ही बाजूंना एकेक पांढरा ठिपका दिसला, तर तो नर.

हाका मारू नका, ड्रोन तर नकोच. घाबरलेला डूक पुष्कळदा पळायचं सोडून पानांत निश्चल बसतो, आणि बंदूकवाल्याला तेच हवं असतं. मांस, औषधी लेप आणि पाळीव प्राण्यांचा बाजार यांच्यापायी तो अतिसंकटग्रस्त झालाय.

खायला काही देऊ नका, केळंसुद्धा नाही. त्याच्या कप्प्याकप्प्यांच्या पोटात जिवाणू पानं आंबवतात. पाव आणि गोड फळांनी ते बिघडतं. शिवाय माणसाला सरावलेलं माकड शिकाऱ्याला आयतंच मिळतं. रस्ता सोडून झाडीत शिरू नका. वायरचा फासा दिसलाच तर जागेची नोंद करून वनरक्षकांना कळवा.

मुक्काम शहरात करा. सोन त्रावर १,३०० हून अधिक डूक मोजले गेलेत, पण रस्ते आणि रिसॉर्ट त्यांचं जंगल तोडतात. २०१७ मध्ये तिथल्या पर्यटन आराखड्याला मोठा विरोध झाला होता. जंगल कापून बांधलेल्या खोलीचं भाडं आपण का भरायचं?

दिसलाच नाही, तर उत्तरेला कुक फुआंग राष्ट्रीय उद्यानात १९९३ पासून चालणारं माकडांचं बचाव केंद्र आहे. तिथे सोडवून आणलेले डूक कुंपणापलीकडे बघायला मिळतात.