‘निर्बंध घातले’ म्हणजे नेमकं काय घातलं? परदेशी अधिकाऱ्यावरची कारवाई तपासण्याची रीत

‘अमुक देशाच्या अधिकाऱ्यावर अमेरिकेचे निर्बंध’ अशी बातमी आली की पुढचं वाक्य हातासरशी लिहिलं जातं: ‘त्यांची मालमत्ता गोठवण्यात आली आहे.’ अनेकदा ते साफ चुकीचं असतं. लोकशाही पोखरणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी अमेरिकेत एकच कायदा नाही आणि प्रत्येकाचा मार वेगळा आहे. म्हणून आधी कलम शोधा. परराष्ट्र खात्याच्या निवेदनात ते बहुधा पहिल्या दोन परिच्छेदांतच सापडतं.

मध्य अमेरिकेसाठीच्या अमेरिकी कायद्यातलं कलम ३५३ डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालं. सुरुवातीला ते ग्वाटेमाला, एल साल्वाडोर आणि होंडुरासपुरतं होतं, नोव्हेंबर २०२१ मध्ये त्यात निकाराग्वाची भर पडली. जाणूनबुजून लोकशाही प्रक्रिया किंवा संस्था खिळखिळ्या करणारे, मोठा भ्रष्टाचार करणारे आणि त्याच्या तपासात आडवे येणारे यात येतात. जुलै २०२१ च्या पहिल्या यादीत ५५ नावं होती. परिणाम व्हिसापुरता: असलेला रद्द, नवा मिळत नाही. अमेरिकेच्या खर्चमंजुरीच्या कायद्यातलं कलम ७०३१(सी) कोणत्याही देशाच्या अधिकाऱ्याला लागू होतं, मोठा भ्रष्टाचार किंवा मानवी हक्कांचं गंभीर उल्लंघन यासाठी. तेही व्हिसाचंच, पण जवळच्या कुटुंबीयांनाही लागतं. मालमत्तेवर टाच येते ती ग्लोबल मॅग्निट्स्की कायदा (२०१६) आणि त्यावर बेतलेल्या डिसेंबर २०१७ च्या आदेश क्र. १३८१८ खाली. ते काम अर्थखात्याच्या ओफॅक या कार्यालयाचं.

चौथा प्रकार सगळ्यात फसवा. स्थलांतर कायद्याखालच्या व्हिसाबंदीत नावं जाहीर होत नाहीत. ११ डिसेंबर २०२३ ला ग्वाटेमालाच्या जवळपास ३०० जणांवर अशी बंदी आली, त्यांत शंभराहून अधिक खासदार होते. नावांची यादी अमेरिकेने दिली नाही. अशा वेळी समाजमाध्यमांवर फिरणारी ‘संपूर्ण यादी’ छापू नका. त्यात एखादं निर्दोष नाव गेलं तर ते पुसता येत नाही.

आता एक उदाहरण हाताळून पाहू. ग्वाटेमालाच्या तेव्हाच्या महाधिवक्ता कोन्सुएलो पोरास यांचं नाव सप्टेंबर २०२१ मध्ये कलम ३५३ च्या यादीत आलं, मे २०२२ मध्ये ७०३१(सी) खालीही आलं. दोन्ही कारवाया व्हिसाच्या. पुढे २०२३ च्या निवडणुकीनंतर पोरास यांच्या हाताखालच्या सरकारी वकिलांनी निवडणूक न्यायाधिकरणातून मतमोजणीची कागदपत्रंच उचलून नेली. राष्ट्राध्यक्षपदी झालेली बर्नार्डो अरेवालो यांची निवड उलटवण्याचा खटाटोप जगाने पाहिला. २ फेब्रुवारी २०२४ ला युरोपीय संघाने पोरास यांच्यासह पाच जणांवर निर्बंध घातले, त्यात प्रवेशबंदीबरोबर मालमत्ता गोठवणंही होतं. म्हणजे एकाच व्यक्तीबाबत ‘मालमत्ता गोठवली’ हे वाक्य युरोपच्या कारवाईला लागू पडतं, अमेरिकेच्या त्या दोन कारवायांना नाही.

इथेच दुसरी चूक होते. ओफॅकच्या यादीत नाव मिळालं नाही म्हणून ‘निर्बंध नाहीत’ असा निष्कर्ष काढला जातो. व्हिसाबंदीची नावं तिथे नसतातच. ती परराष्ट्र खात्याच्या अहवालांत आणि निवेदनांत शोधावी लागतात.

ओफॅकच्या शोधपानावर नावजुळणीचा टक्का सुरुवातीला १०० वर असतो. तो ८५ च्या आसपास आणा, नाहीतर स्पेलिंगमधल्या एका अक्षराच्या फरकाने नाव निसटतं. स्पॅनिश नावांत दोन आडनावं असतात आणि यादीत आडनाव आधी येतं. ग्वाटेमालाच्या ज्या माजी अधिकाऱ्याला आपण मिगेल मार्टिनेझ म्हणून वाचतो ते तिथे ‘मार्टिनेझ मोरालेस, लुइस मिगेल’ असे सापडतात. नुसत्या नावावर मात्र थांबू नका. जन्मतारीख, जन्मस्थळ आणि ओळखपत्राचा क्रमांक ताडून पाहा. नोंदीच्या शेवटी ‘ग्लोमॅग’ अशी खूण असेल तर ती मॅग्निट्स्कीची कारवाई.

पुण्या-मुंबईत परदेशी बँकांसाठी ही छाननी करणाऱ्यांनी कंपन्यांकडे खास लक्ष द्यावं. यादीतल्या लोकांची मालकी एकत्र मिळून ५० टक्के किंवा जास्त असेल तर कंपनीचं नाव कुठेही नसलं तरी तीही गोठते. एकाचे ३० आणि दुसऱ्याचे २५ टक्के मिळून ५५ होतात, म्हणजे ती अडकली. ओफॅक इथे मालकी मोजतं. युरोपीय संघ ताबाही बघतो, त्यामुळे यादीतल्या माणसाचा ४० टक्केच हिस्सा असूनही सगळे निर्णय तोच घेत असेल तर तिथे अडचण येऊ शकते. गोठवलेल्या मालमत्तेची खबर ओफॅकला कामकाजाच्या १० दिवसांत द्यायची असते.

शेवटी तारीख. नावं यादीतून निघतातही. पॅराग्वेचे माजी राष्ट्राध्यक्ष ओरासिओ कार्टेस जानेवारी २०२३ मध्ये ओफॅकच्या यादीत गेले आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये बाहेर आले. म्हणून टिपणात कलम, यादी आणि ‘या तारखेला पाहिलं’ या तिन्ही गोष्टी लिहा आणि मजकूर छापायच्या दिवशी सकाळी पुन्हा एकदा शोध घ्या.