सर गेले; त्यांचं बियाणं, वह्या आणि आठवण कशी जपावी

पीक पैदासकार, म्हणजे पिकांचे नवे वाण घडवणारे सर गेले की विद्यार्थ्यांवर दोन जबाबदाऱ्या एकदमच येतात. घरच्यांच्या दुःखात सोबत करायची आणि सरांनी आयुष्यभर जमवलेले वाण मरू द्यायचे नाहीत. मातीला जाणं, राख सावडायला थांबणं हे कुणी सांगावं लागत नाही. दुसऱ्या कामाचं मात्र कुणाला सुचत नाही, आणि ते फार लांबवताही येत नाही. तुरीच्या दाण्यात भुंगे शिरले की महिनाभरात त्यांची पुढची पिढी बाहेर पडते.

घरी भेटायला गेल्यावर वह्या किंवा लॅपटॉप मागू नका. तेराव्यानंतर एकानेच, काकूंचा ज्याच्यावर विश्वास आहे त्याने, विषय काढावा. कार्यालयातल्या खोलीचं मात्र लगेच बघा. कपाटातलं काही हलवू नये, रद्दीत देऊ नये, असं विभागप्रमुखांना लेखी कळवा. खोली नव्या माणसाला मिळाली की आधी जुनी पाकिटंच बाहेर जातात.

उभं पीक असेल तर आधी शेतावर जा. पाट्या उन्हापावसात पुसटतात आणि ओळींचा खरा नकाशा सरांच्या डोक्यात असतो. त्यांच्या हाताखाली राबलेल्या मजूर बाया-माणसांना सोबत घेऊन बांधापासून एकेक ओळ चाला, क्रमांक आणि वाण लिहून घ्या. बरंच काही फक्त त्यांनाच माहीत असतं. शोकसभेत त्यांना पुढच्या रांगेत बसवा आणि बोलायलाही सांगा.

आता बियाणं. कोणतंही पाकीट फालतू समजू नका. परभणीच्या कृषी विद्यापीठाची ‘परभणी क्रांती’ भेंडी शिरा पिवळ्या पाडणाऱ्या केवडा रोगाला तोंड देऊ शकली, कारण तिच्या वंशात भेंडीची एक रानटी नातलग आहे. खाण्याजोगं नसलेलं बी म्हणून कुणी ते फेकलं असतं तर?

बी सावलीत, पातळ पसरून वाळवा. मराठवाड्यातल्या मे महिन्याच्या थेट उन्हात पत्र्यावर टाकलं तर कोंब मरतो. दाताखाली कट्ट करून फुटलं की हवाबंद डब्यात भरा. ओलसर बी डब्यात कोंडलं तर बुरशी येते, म्हणून तळाशी ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. प्रत्येक पाकिटात एक चिठ्ठी आत, एक बाहेर, दोन्ही शिसपेन्सिलीने लिहिलेल्या; ओल लागली की पेनची शाई पसरते. बी पुरेसं असेल तर १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण मोजा. ती घसरली असेल तर येत्या हंगामातच पुन्हा पेरा.

इथेच सगळ्यात मोठी चूक होते. तुरीत मधमाश्यांमुळे परपरागीकरण होतं, म्हणजे एका झाडाचे परागकण दुसऱ्या झाडाच्या फुलावर जातात. शेजारी दुसरा वाण असेल तर सरांचा वाण एका हंगामात भेसळतो आणि ते डोळ्याला दिसतही नाही. फुलं उमलण्याआधी झाडांवर जाळी घाला. ज्वारीचं कणीस फुलोऱ्याआधीच कागदी पिशवीत बांधा. प्रत्येक वाणाचा निम्मा साठा दुसऱ्या ठिकाणी ठेवा. एका ठिकाणी काही झालं तरी वाण हातचा जात नाही.

वह्यांना सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर नकोच. पानं क्रमाने स्कॅन करा, कोरी पानंसुद्धा. समासातल्या खुणांचा अर्थ जुन्या विद्यार्थ्यांना विचारून वेगळ्या कागदावर लिहा. मूळ पानावर पेन टेकवू नका.

अर्धवट शोधनिबंधात सरांचं काम असेल तर लेखकांत त्यांचं नाव राहू द्या आणि ते हयात नसल्याची तळटीप द्या. पीएच.डी. चालू असलेल्यांनी मार्गदर्शक बदलाचा अर्ज लवकर करावा. त्यात कृतघ्नपणा नाही.

स्मृतिदिनाला सभागृहातल्या भाषणापेक्षा शिवारफेरी बरी. तुरीवर काम असेल तर शेंगा भरताना, रब्बी ज्वारीवर असेल तर हुरड्याच्या दिवसांत ठेवा, म्हणजे वाण समोर उभे असतात. पुरस्कार ठेवायचा असेल तर दरवर्षी वर्गणी मागू नका; ती दोन-तीन वर्षांत आटते. एकदाच ठेव करा. १ लाखावर ६.५ टक्क्यांनी वर्षाला ६,५०० रुपये येतात. बक्षीस ५,००० चं ठेवा, उरलेले मुद्दलात जाऊ द्या, आणि ठेव कुणा एका विद्यार्थ्याच्या नावावर न करता संस्थेच्या नावे करा.