कमी रेझोल्यूशनच्या छायाचित्रावरून निसर्गचित्र रंगवताना

लहान, अस्पष्ट डिजिटल छायाचित्रावरून निसर्गचित्र करू पाहणारे विद्यार्थी बहुधा पहिल्यांदा विचारतात ते हे, की त्यात हरवलेला तपशील भरून कसा काढायचा. बरीच वर्षे याच पद्धतीने काम केल्यावर माझे मत असे झाले आहे, की तो भरून काढूच नये. ३२० बाय २४० पिक्सेलच्या छायाचित्रात दूरच्या झाडाला पाने नसतात, काही हिरवट-करडे चौरस असतात. त्यांवर आठवणीतली पाने काढली, तर हाती धड झाडही लागत नाही आणि धड छायाचित्रही.

त्याआधी फाइल वाचायला शिकावे. छायाचित्राची फाइल लहान करणाऱ्या जेपेग (JPEG) पद्धतीत प्रतिमेचे ८ बाय ८ पिक्सेलचे ठोकळे पाडून प्रत्येक ठोकळ्यातील माहिती स्वतंत्रपणे कमी केली जाते. त्यातही उजेड-अंधाराचे फरक जितके जपले जातात तितके रंगाचे सहसा जपले जात नाहीत, कारण माणसाचा डोळा रंगातील बारीक बदलांबाबत कमी चोखंदळ असतो. डोंगराची कड आकाशाला भिडते तेथे हे नीट पाहता येते: कड बऱ्यापैकी रेखीव राहते, पण डोंगराचा तपकिरी रंग आकाशात सांडतो, आकाशाची निळाई उतारावर उतरते आणि कडेलगत, त्या ठोकळ्याच्या हद्दीपुरत्याच, फिकट-गडद लहरी उमटतात. हे धुके नव्हे, तरी कॅनव्हासवर ते धुक्याचेच काम करते, आणि मला या प्रकारात खरा रस आहे तो येथेच.

छायाचित्र मोठे करताना संगणकाला पिक्सेलच्या कडा गुळगुळीत करू देऊ नयेत; प्रत्येक पिक्सेल चौकोनीच ठेवणारा 'निअरेस्ट नेबर' हा पर्याय निवडावा. ३२० बाय २४० चे छायाचित्र ८० बाय ६० सेंटिमीटरच्या कॅनव्हासवर घेतल्यास एक पिक्सेल अडीच मिलिमीटरचा आणि जेपेगचा एक ठोकळा बरोबर २ सेंटिमीटरचा होतो. पेन्सिलीने फक्त ठोकळ्यांची जाळी आखावी, कारण सर्व ७६,८०० चौकोन भरण्याच्या हट्टातून चित्राऐवजी भरतकाम होण्याचा धोका असतो.

रंग कालवताना आधी उजेडाची पायरी ठरवावी, छटा मागाहून पाहावी. पडद्यावरचा पांढरा स्वतः प्रकाश देतो, नळीतला पांढरा देत नाही. म्हणून सगळी श्रेणी थोडी खाली उतरवावी लागते. अ‍ॅक्रिलिक वाळल्यावर किंचित गडद होते, त्यामुळे शेजारशेजारच्या जवळच्या छटांसाठी मी तैलरंगच पसंत करतो.

काम चालू असताना वारंवार मागे जाऊन डोळे किलकिले करून पाहावे. अमेरिकी संशोधक लिऑन हार्मन यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेले अब्राहम लिंकन यांचे चौरसांतील चित्र असेच पाहिल्यावर ओळखू येते, कारण चौरसांच्या धारदार कडा पुसट होताच त्यांनी झाकलेला मोठा आकार मोकळा होतो. ब्रिटिश चित्रकार डॅन हेज यांनी इंटरनेटवरील लहान छायाचित्रांवरून केलेली कोलोरॅडोची तैलचित्रेही जवळून आणि लांबून, दोन्ही अंतरांवरून पाहावीत.

सुरुवातीला आकाश, डोंगर आणि जमीन असे तीनच ठळक पट्टे असलेले, शक्यतो स्वतः टिपलेले छायाचित्र घ्यावे. पाण्यातील प्रतिबिंबे आणि दाट पर्णसंभार नंतरसाठी ठेवावेत. त्यांत ठोकळ्यांची गडबड आणि निसर्गाची गडबड वेगळी काढणे सरावलेल्या डोळ्यालाही अवघड जाते.