स्मरणशर्यतीत पॅडलबोर्ड घेऊन उतरताना

दिवंगत सर्फरच्या स्मरणार्थ होणाऱ्या शर्यतीत पहिल्या क्रमांकापेक्षा सगळे सुखरूप परतणं मोलाचं. हवाईच्या एडी ऐकाऊचं नाव आजही आदराने घेतलं जातं ते त्याने वायमिया बे इथे जीवरक्षक म्हणून वाचवलेल्या माणसांमुळे. १९७८ मध्ये होकुलेआ ही शिडाची होडी समुद्रात उलटली तेव्हा मदत आणायला तो बोर्डवरून निघाला आणि परत आलाच नाही. तेव्हा तयारी सुरक्षिततेपासूनच करायची.

पॅडलबोर्ड म्हणजे उभं राहून वल्हवायची लांब फळी. चार-पाच किलोमीटरच्या हौशी गटासाठी साडेबारा फुटी बोर्ड मिळाला तर उत्तम. दहा फुटी रुंद बोर्ड तोल सांभाळतो, पण समोरून वारा आला की जागचा हलत नाही. हवेचा बोर्ड साधारण १५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) पर्यंत भरा (कमाल आकडा झडपेजवळ लिहिलेला असतो). हवा कमी पडली की बोर्ड मध्यभागी वाकतो आणि निम्मी ताकद वाया जाते. मात्र पूर्ण भरून उन्हात ठेवू नका, आतली हवा तापून सांधे उसवतात. वल्हं तुमच्या उंचीपेक्षा वीतभर लांब हवं, आणि पात्याचा बाक बोर्डच्या नाकाकडे. नवखे ते हमखास उलटं धरतात.

लाइफ जॅकेट अंगावर आणि लीश, म्हणजे बोर्डला आपल्याशी जोडणारी दोरी, बांधलेलीच हवी. निसटलेला बोर्ड वाऱ्यावर इतका झपाट्याने जातो की पोहून गाठता येत नाही. रापणीचे (किनाऱ्यावरून ओढायच्या मासेमारीच्या जाळ्याचे) दोर आसपास असतील तर कमरेची, एका ओढीत सुटणारी लीश घ्या. पायातली दोरात अडकली तर सोडवणं कठीण.

गोव्यात सगळ्यात फसवा असतो तो सकाळचा मतलई वारा. पाळोळ्यासारख्या किनाऱ्याजवळ पाणी आरशासारखं दिसतं, कारण वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असतो. जाताना तो पाठीवर असतो, म्हणून आपण फार जोरात चाललोय असं वाटतं, आणि बोयाला (वळणाची खूण म्हणून पाण्यात तरंगत ठेवलेल्या फुग्याला) वळसा घातला की तोच छातीवर येतो. म्हणून निम्म्याहून जास्त दम परतीसाठी राखून ठेवा. वारा झेपेना तर गुडघ्यांवर बसा, वल्ह्याच्या दांड्यावरचा हात खाली घ्या आणि छोटे, भरभर फटके मारा. किनाऱ्यावर लाल बावटा असेल तर सरावालाही उतरायचं नाही.

सुरुवातीला कमरेएवढ्या पाण्यात बोर्ड बाजूला धरा. तो तुमच्या आणि लाटेच्या मध्ये कधीच नको, लाट तो थेट तोंडावर आणते. मोठ्या लाटांचा जथा गेला की गुडघ्यांवर चढा, नाक सरळ लाटेकडे ठेवा आणि लाटा फुटतात ती पट्टी ओलांडल्यावरच उभे राहा. बोयाजवळ गर्दी होते. थोडं बाहेरून वळणं कमी जोखमीचं. बाहेरच्या बाजूने नाकापासून शेपटीपर्यंत रुंद फटका मारा.

बहुतेक ठिकाणी शर्यतीआधी किंवा नंतर लाटांपलीकडे वर्तुळ करून फुलं वाहतात. बोर्डवर दोन्ही बाजूंना पाय सोडून बसा आणि वल्हं मांडीखाली दाबून ठेवा. झेंडूच्या माळेतला दोरा किनाऱ्यावरच काढा, पाण्यात फक्त सुटी फुलं जाऊ द्या. आगोंद, गालजीबाग, मोरजी इथे समुद्री कासवं अंडी घालायला येतात, दोरा त्यांच्या पोटात जाऊ शकतो.

परतताना गुडघाभर पाणी राहिलं की उतरा. फिन (बोर्डच्या शेपटीखालचं पातं) वाळूत रुतला की बोर्ड थांबतो आणि माणूस पुढे फेकला जातो. शर्यत अर्धवट सोडलीत तरी नोंदणीच्या टेबलावर आपला क्रमांक सांगूनच घरी जा, नाहीतर बचावाची होडी तुम्हाला शोधत फिरत राहते.