चिलटांच्या पेशीत अँटिबॉडी: प्रोजेक्टला निघण्याआधी

द्राक्षाच्या हंगामात नाशिकला घरोघरी टोपलीभोवती घोंगावतात ती चिलटं म्हणजे आपली ड्रोसोफिला, लॅबमध्ये प्रयोगांना वापरतात ती माशी. शेतकऱ्यांची ‘फळमाशी’ वेगळी, ती आंब्याला-कारल्याला डंख मारते. घरी सांगताना हा घोळ हमखास होतो.

मी एम.एस्सी. प्राणिशास्त्र नाशिकलाच केलं आणि प्रोजेक्टसाठी पुण्यातल्या एका लॅबमध्ये गेले. आता नाशिकच्या ज्युनिअर्सचे फोन येतात, म्हणून लिहितेय.

जीनचं काम थांबवायला आरएनएआय ही पद्धत आहे, पण त्याने फक्त आरएनए, म्हणजे प्रोटीन बनवायचा जीनचा निरोप, नष्ट होतो. आधीच तयार झालेलं प्रोटीन काम करतच राहतं. थेट प्रोटीनच गाठायचं तर अँटिबॉडी पेशीच्या आत बनायला हवी. नेहमीच्या अँटिबॉडीची तिथे नीट घडी बसत नाही. तिला सांधणारे सल्फरचे बंध पेशीद्रवात जुळत नाहीत. उंटाच्या कुळातल्या प्राण्यांकडून मिळालेली नॅनोबॉडी, म्हणजे अँटिबॉडीचा छोटा तुकडा, मात्र तिथे टिकते. ती जेमतेम 15 किलोडाल्टनची, नेहमीच्या अँटिबॉडीच्या दहावा हिस्सा. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या संशोधकांनी जीएफपी (हिरवं चमकणारं प्रोटीन) पकडणाऱ्या नॅनोबॉडीला माशीच्याच स्लिंब प्रोटीनचा तुकडा जोडला. नको असलेली प्रोटीनं मोडीत धाडायचं काम स्लिंब करतं. मग जीएफपीचं शेपूट लावलेलं प्रोटीन पेशी स्वतःच मोडीत काढते. या पद्धतीचं नाव डीग्रॅडएफपी. मला हे आजही विलक्षण वाटतं.

माझा महिना वाया गेला तो इथेच. हिरवी चमक पार विझली, तरी माशा ठणठणीत! शेवटी सीनिअर ताईने सूक्ष्मदर्शकाखाली ब्रशच्या टोकाने एक माशी उलटवली आणि म्हणाली, “पंख बघ गं.” पंख वर वळलेले होते. म्हणजे जोडीतलं एक गुणसूत्र सीवायओ बॅलन्सर (वाण टिकवायला वापरतात ते, वळलेल्या पंखांची खूण असलेलं खास गुणसूत्र), आणि त्यावर जीनची बिनशेपटाची प्रत शाबूत. त्या प्रतीचं प्रोटीन नॅनोबॉडीला दिसतच नाही. सगळं काम त्या प्रतीने सांभाळलं होतं. दोन्ही प्रतींना जीएफपी हवं, म्हणजे सरळ पंखांच्या माशा निवडायच्या. अळ्यांवर काम असेल तर पंखांची खूणच नसते, तेव्हा टबीसारखी बुटक्या अळीची खूण असलेला बॅलन्सर घ्या. जीएफपीवाला बॅलन्सर नको, नॅनोबॉडी त्यालाही चिकटते.

आणि जाण्याआधी व्हर्जिन (नराशी अजून समागम न झालेल्या) माद्या ओळखायला शिका. 25 अंशांवर माशी कोशातून बाहेर पडल्यापासून आठ तासांच्या आत मादी वेगळी करावी लागते. फिकट पोटातून काळपट ठिपका दिसला की ती नक्की ताजी. पहिले दोन आठवडे मी सकाळ-संध्याकाळ एवढंच केलं.