इंडिकेटर कधी लावायचा, कधी बंद करायचा

दुचाकी वळवण्याआधी किमान तीन सेकंद इंडिकेटर लावा. ताशी ४० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला ११ मीटर जाते, म्हणजे वळणाच्या तीसेक मीटर अलीकडेच. क्रम असा: आरसा, इंडिकेटर, मान वळवून एक नजर, मग हँडल. बरेच जण हँडल आणि बटण एकदमच फिरवतात. मागच्याला त्याचा काडीचा उपयोग नाही.

सात रस्त्यासारख्या, बरेच फाटे फुटणाऱ्या चौकात मात्र फार लवकर लावलात तर नेमकं कुठे वळणार ते कळत नाही. नको असलेला फाटा मागे पडला की लावा.

सरळ जायचंय म्हणून चारही दिवे लावणं चुकीचंच. बाजूच्याला एकच दिवा दिसतो आणि तुम्ही वळताय असं तो समजतो.

बहुतेक दुचाकींचा इंडिकेटर आपोआप बंद होत नाही. वळलात की बटण आत दाबा. टिकटिक अचानक जलद झाली तर बहुधा त्या बाजूचा बल्ब गेलाय. बऱ्याच बाइकना १२ व्होल्ट, १० वॅटचा लागतो. एलईडी टाकल्यावरही टिकटिक जलद होते. तेव्हा फ्लॅशरही (दिव्याची उघडझाप करणारा भाग) एलईडीचाच घ्या.

हंगामात उसाच्या ट्रॉलीमागे असाल तर इंडिकेटरची वाट बघू नका, अंतर ठेवा. दिवे असले तरी उसाखाली झाकलेले असतात.