जुनं सागवानी सामान घरात आणायचं तर

जळगाव जिल्ह्यात चोपडा, पारोळा, यावलकडे जुने वाडे उतरवतात तेव्हा दारं-खिडक्यांबरोबर बंगई (झोपाळा), फडताळ (कपाट), आरामखुर्चीही विकायला निघते. मी तिथूनच घेते.

वस्तू आधी उलटी करा. पॉलिश वरून कसंही चढवता येतं, खालच्या कोऱ्या लाकडावर खरं कळतं. सागाचा रंग सोनेरी-तपकिरी असतो, हाताला किंचित तेलकट लागतो. बारीक भोकांतून पिठासारखी ताजी भुकटी सांडत असेल तर आत किडा जिवंत आहे, सोडून द्या. सांधा हलतो म्हणून मात्र नाकारू नका. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, कोरड्या हवेत लाकूड आकसतं. चांगला सुतार जुना सरस, म्हणजे लाकूड चिकटवायचा गोंद, खरवडून सांधा पुन्हा घट्ट बसवतो.

पॉलिश घासून काढायची घाई नको, फार जीव तुटतो ते बघून! कापसावर स्पिरिट घेऊन आडोशाच्या कोपऱ्यात लावा. चिकट झालं तर लाखेचं पॉलिश आहे, वरून नवा हात पुरतो. जवसाचं तेल वापरलंत तर त्याच्या चिंध्यांचा ढीग करू नका, आपोआप पेट घेतात. पसरून वाळवा.

कूलरचा झोत आणि पश्चिमेचं ऊन टाळा. माझी वेताची आरामखुर्ची ओसरीत एकटीच आहे, भोवती मोकळी जागा, म्हणून तिचे लांब वळणदार हात दिसतात. तिच्यात रोज बसते. वेत सैल पडला की खालून ओला पंचा फिरवा आणि सावलीत वाळू द्या, पुन्हा ताणला जातो.